गाडीची पायरी: दारापासून जमिनीपर्यंत

मंडळी, पायरीवर कसलं आलंय व्याख्यान, असं काही जणांच्या मनात आलं असेल. तर एसटीपासून सुरुवात करू. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण तिकीट माफ झालं म्हणून पायरी खाली येत नाही. लाखांदूरच्या स्टँडवर पाच मिनिटं उभं राहून बघा. म्हातारी आधी पिशवी आत टाकते, मग दांडी धरते, मग गुडघ्यावर हात दाबून वर चढते. आणि उतरताना? उतरताना कंडक्टर हात देतो, नाहीतर ती तशीच उडी घेते.

आज बोलायचंय ते मात्र आपल्या स्वतःच्या गाडीबद्दल. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि तेव्हापासून मिनीबस किंवा ट्रॅव्हलरच्या आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेणारी माणसं वाढली. कोणी कॅम्पर म्हणतं, कोणी कॅराव्हॅन. आपल्या भागात तर तिला कामच काम आहे. नवेगावबांध, इटियाडोह जवळ आहे, महाशिवरात्रीला प्रतापगड आहे, लांब जायचं तर पचमढी. आणि अशी गाडी लोक करतात ती बहुतेक वेळा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्यायला. आतल्या फर्निचरवर लाखभर खर्च होतो आणि पायरीच्या जागी शेवटी प्लास्टिकचं स्टूल येतं. मग आई म्हणते, मी गाडीतच बसते बाबा, तुम्ही या जाऊन.

पहिलं काम मोजण्याचं. गाडी सपाट जागेवर उभी करा, टाकी भरा, सामान चढवा आणि मग दाराच्या उंबऱ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावा. रिकाम्या गाडीचं माप घेऊ नका, भरल्यावर स्प्रिंग बसतात. समजा ७२ सेंमी आले. आता एक टप्पा किती ठेवायचा? आपली राष्ट्रीय इमारत संहिता घराच्या जिन्याला एका पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंमी आणि सार्वजनिक इमारतीला १५ सेंमी सांगते. गाडीला ती संहिता लागू नाही, पण गुडघा तोच आहे ना! ७२ ला ४ नं भागलं की १८. टप्पे चार, पण पाट्या तीनच लागतात, कारण चौथा टप्पा म्हणजे गाडीची फरशी. हा हिशेब वेल्डिंगच्या दुकानात कायम चुकतो. तीन टप्पे सांगितले की तीन पाट्या बनतात, किंवा उलट.

पाय ठेवायची पाटी निदान २५ सेंमी खोल हवी. म्हणजे तीन पाट्या पाऊण मीटर बाहेर येणार. ते टाळायला लोक खोली १५ सेंमीवर आणतात, आणि घात तिथेच होतो. चढताना चवडा टेकला की भागतं. उतरताना पाऊल पाटीच्या पुढे लोंबतं, शरीराचा तोल पुढे जातो आणि जिथे पाय टेकणार ती जागा आपल्याच पोटामुळे दिसत नाही. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पायरी निवडताना उतरणाऱ्याकडे बघून निवडा. दुकानात दाखवतात ती चढून दाखवतात. तुम्ही उतरून बघा, तेही हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

आता आपल्या भागाची गोष्ट. हा धानाचा मुलूख. चुलबंद, वैनगंगेच्या आजूबाजूला बांध्याच बांध्या, आणि रस्ता भराव टाकून वर उचललेला. आपण डावीकडून चालतो, म्हणून गाडीचं दार डावीकडे उघडतं. गाडी थांबवली की चाकं डांबरावर राहतात आणि दार साइडपट्टीवर येतं. ती पावसानं खचलेली, डांबरापेक्षा १०–१२ सेंमी खाली. घरासमोर मोजलेले ७२ तिथे ८४ होतात, आणि ही वाढ सगळी शेवटच्या टप्प्यात जाते. वरचे १८, १८, १८ उतरलेल्या पायाला पुढचाही १८ चाच वाटतो, आणि निघतो ३० चा. माणूस पडतो तो पायरी उंच आहे म्हणून नाही, वेगळी निघाली म्हणून पडतो. सेंटिमीटरभराचा फरकसुद्धा पायाला कळतो, इथे तर बारा आहेत.

यावर बाजारात काय मिळतं? मोटरवर सरकणारी पायरी मिळते. दार उघडलं की बाहेर, गाडी सुरू झाली की आत. दिसायला छान. पण रोवणीच्या दिवसांत चिखल तिच्या खोबणीत जाऊन बसतो, आणि दोन पावसाळ्यांत ती अर्ध्यावर अडकायला लागते. शिवाय ती जमिनीला टेकत नाही, त्यामुळे शेवटच्या टप्प्याचा प्रश्न तसाच. एक संपूर्ण जिना दाराच्या चौकटीतून खाली उघडून जमिनीवर टेकणारा असतो. तो सगळ्यात स्थिर, पण जड, आणि घडी घातल्यावर दार अडवतो. सुटं लाकडी खोकं स्वस्त, पण कोणीतरी आधी उडी मारून ते खाली ठेवावं लागतं.

आम्ही सुचवतो ते दोन्ही मिळून. वरच्या दोन पाट्या गाडीच्या खाली बिजागरीवर, हातानं ओढून उघडायच्या. खालची तिसरी पाटी सुटी चौकी, ६० सेंमी रुंद, तिच्या पायांत दर ३ सेंमीवर भोकं पाडून पिन घालायची. सपाट जागी पिन १८ वर. साइडपट्टीवर उंबऱ्यापासून दोन पाट्या उतरल्यावर ४८ उरतात, तिथे पिन २४ वर, म्हणजे खालचे दोन्ही टप्पे सारखे. चौकीच्या पायांना १० × १० सेंमीच्या पत्र्याच्या टाचा लावा. नुसता पाइप चिखलात खिळ्यासारखा घुसतो. टाच असली की ७५ किलोच्या माणसाचा भार दोनच पायांवर आला तरी दाब अनवाणी पावलाएवढाच राहतो. जिथे तुमचा पाय रुतत नाही, तिथे चौकीही रुतणार नाही.

बसवण्याचं एकच गणित लक्षात ठेवा. पाटीच्या टोकावर, बोल्टपासून ४० सेंमी बाहेर, ७५ किलोचा माणूस उभा आहे. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये १० सेंमी अंतर आहे. तर वरच्या बोल्टांवर ओढ येते ७५ गुणिले ४० भागिले १०, म्हणजे ३०० किलोची! कोणी धपकन पाय टाकला की दुप्पट धरा. ही ओढ बॉडीच्या पातळ पत्र्याला झेपत नाही. आधी बोल्टाभोवती रंग तडकतो, मग पत्रा फाटतो. म्हणून पायरी चेसिसच्या आडव्या तुकड्याला किंवा त्याला जोडलेल्या जाड अँगलला धरा, मागून प्लेट द्या, लॉकनट वापरा. चेसिसच्या चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडू नका, सगळी ताकद तिथेच असते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढा, आणि डिझेलची टाकी, गॅसची नळी, वायरिंग कुठून गेलंय ते खाली झोपून स्वतः बघा. मिटलेली पायरी बॉडीच्या बाहेर येता कामा नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर आहेच, तेव्हा आरटीओला आधी विचारलेलं बरं. आणि ड्रायव्हरसमोर एक लाल दिवा ठेवा, पायरी उघडी असेल तर पेटणारा. भरावावरून गाडी हलली आणि पायरी मैलाच्या दगडाला लागली, तर दगड तसाच राहतो.

पाटी कशाची? चेकर प्लेट सगळे देतात. कोरडी असेपर्यंत उत्तम, पण चिखलाची चप्पल घासली की खाचा भरतात आणि ती साबणासारखी होते. जाळीची पाटी चिखल खाली सोडते. मात्र आपल्याकडे माणसं अनवाणी चढतात आणि लुगड्याचा काठ अडकतो, म्हणून जाळीच्या कडा ग्राइंडरनं मारून घ्या, पुढच्या कडेला पिवळा पट्टा द्या. दाराच्या दोन्ही बाजूंना उभी दांडी हवी, मुठीत मावेल अशी, ३ ते ४ सेंमी जाडीची. दारावर बसवलेली दांडी कामाची नाही, दार हललं की माणूस हलतो. झाडीपट्टीच्या नाटकवाल्या मंडळींना हे सांगावं लागत नाही. रात्रभर प्रयोग करून पहाटे झोपेत गाडीतून उतरायचं, तर डोळ्यांआधी हातच दांडी शोधतो.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे: घरात व्हीलचेअर आहे, तर पायरीऐवजी उतार बसवता येईल का? हिशेब करू. सुरक्षित उतार एकास बारा. ७२ सेंमीला ८ मीटर ६४ सेंमी लांब फळी लागेल, म्हणजे गाडीपेक्षाही लांब. आखूड फळीवरून दोघं मिळून खुर्ची ढकलत वर नेतील, पण खाली आणताना आवरणार नाही. अशा घरानं मागच्या दाराला उचलणारी लिफ्ट बसवावी किंवा मुळातच खाली फरशीची गाडी बघावी, आणि हे गाडी घेण्याआधी ठरवावं. घेऊन झाल्यावर चेसिसची उंची बदलता येत नाही.