यांना तुम्ही ओळखता का?

गेल्या दिवाळीत चकल्या तळून झाल्यावर मी सहज फोन हातात घेतला, तर ॲपने 'यांना तुम्ही ओळखत असाल' म्हणून एक चेहरा पुढे केला. बडोद्याची माझी आत्येबहीण! घराच्या वाटणीवरून आमच्या दोन घरांत नऊ वर्षं बोलणं बंद. माझ्याकडे तिचा नंबरही नव्हता. मग ॲपला कसं कळलं?

कोडं फार अवघड नाही. ग्वाल्हेरची काकू आणि पुण्याचा मामेभाऊ आम्हा दोघींच्याही यादीत आहेत. शिवाय तिने आपल्या फोनमधले नंबर कधी ॲपला दिले असतील, तर त्यात माझा जुना नंबर असणारच. म्हणजे मी चकार शब्द काढला नाही तरी माझी नाती कळतात, कारण माझ्या वतीने दुसरे बोलून गेलेले असतात. आपल्याकडे लग्न जमवणाऱ्या मावशी हेच करत आल्या, फक्त त्या आधी चहा मागत.

२०१० च्या डिसेंबरात फेसबुकमध्ये इंटर्न असलेल्या पॉल बटलरने मित्रांच्या सुमारे १ कोटी जोड्या घेतल्या आणि त्यांची शहरं रेषांनी जोडली. देशांच्या सीमा किंवा समुद्रकिनारे त्याने काढलेच नव्हते. तरी खंडांच्या कडा आपोआप उमटल्या. फेसबुकवर बंदी असलेला चीन मात्र जवळजवळ काळाच राहिला.

हा नकाशा नुसता बघण्यापुरता नसतो. त्याच वर्षी अमेरिकेत निवडणुकीच्या दिवशी ६ कोटींहून अधिक लोकांना फेसबुकवर मतदानाची आठवण करून दिली गेली. ज्यांना सोबत 'मी मत दिलं' म्हणणाऱ्या मित्रांचे चेहरे दिसले, त्यांच्यात मतदान किंचित वाढलं. नुसती सूचना पाहणाऱ्यांवर तसा परिणाम आढळला नाही. त्यातही जवळच्या मित्रांचा प्रभाव जास्त. २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं.

हे वाचल्यावर मी माझंच खातं उघडून बसले. माझ्या यादीत इंदूरच्या शाळा-कॉलेजातल्या हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणी भरपूर. गणपतीच्या फोटोखालची ओळ मी दरवर्षी हिंदीत लिहिते, कारण लाइक त्यांचेच येतात. काकूच्या मराठी पोस्टवर न थांबता अंगठा पुढे सरकवते. हळूहळू त्या पोस्ट दिसेनाशा झाल्या. आता काकूला वाटतं, मी तिला विसरले. तिला काय सांगू, अल्गोरिदम?

मी फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि आत्येबहिणीला रिक्वेस्ट पाठवली. तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी तिने होकार दिला आणि खाली मराठीत लिहिलं, "आई विचारतेय, चकल्या अजून तशाच करता का?"

बाबांना अजून सांगितलेलं नाही.