मूलद्रव्यांचें स्थान आणि त्यांचा स्वभाव

पुष्कळ विद्यार्थी मूलद्रव्यांचा तक्ता पाढ्यांप्रमाणें घोकतात आणि परीक्षा संपतांच विसरतात. तक्ता पाठ करावयाचा नसून वाचावयाचा असतो, हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें. त्यांत ११८ मूलद्रव्यें आहेत खरीं. परंतु कोणी कोणत्या घरांत बसावें हें छापणाऱ्याच्या मर्जीवर नाहीं.

आडव्या ओळींत अणुक्रमांक एकेकानें वाढत जातो. उभ्या स्तंभांतील द्रव्यें मात्र एकमेकांचीं भावंडें होत. कारण त्यांच्या अणूंच्या सर्वांत बाहेरील कवचांत इलेक्ट्रॉन बहुधा सारखेच असतात, आणि रासायनिक व्यवहार चालतो तो त्यांच्याच बळावर. पहिल्या स्तंभांत सोडियम व त्याच्या खालीं पोटॅशियम आहे. दोघांपाशीं बाहेर एकेकच इलेक्ट्रॉन, व तो देऊन टाकण्यास दोघेहि उतावीळ. पाण्यांत टाकिलेला सोडियमचा कण फसफसत धावतो. पोटॅशियमचा फिकट जांभळ्या ज्योतीनें पेटूनच उठतो. त्याचा अणु मोठा, म्हणून शेवटचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर व सैल असतो. (हा प्रयोग शिक्षकांवांचून कोणीहि करूं नये.)

रशियांतील मेंडेलीव्हनें इ. स. १८६९ मध्यें आपला तक्ता मांडिला, तेव्हां सुमारें ६३ मूलद्रव्यें ठाऊक होतीं. तरी त्यानें कांहीं घरें धिटाईनें रिकामीं ठेविलीं. अ‍ॅल्युमिनियमखालच्या अज्ञात द्रव्यास त्यानें 'एक-अ‍ॅल्युमिनियम' म्हटलें; हा 'एक' आपल्या संस्कृतांतलाच. त्याची घनता सुमारें ५.९ असावी, असेंहि त्यानें १८७१ मध्यें सांगितलें. १८७५ मध्यें लकॉक द ब्वाबोद्रान या फ्रेंच रसायनज्ञास तें द्रव्य सांपडलें, तेंच गॅलियम. त्यानें घनता काढिली ती ४.७ भरली. मेंडेलीव्हनें तो धातु डोळ्यांनीं पाहिलाहि नव्हता. तथापि तो पुन्हा शुद्ध करून तोलावा, असें त्यानें सुचविलें. तसें करतां आंकडा ५.९ च्या घरांत आला! गॅलियम सुमारें ३० अंश सेंटिग्रेडला वितळतें. जळगांवच्या मे महिन्यांत तें बाटलींत पाऱ्यासारखें हेलकावत राहील.

आतां हेंच ज्ञान घेऊन शेतांत जाऊं. पूर्णा नदी चांगदेवाजवळ तापीस मिळते. तिच्या खोऱ्यांत पुष्कळ काळी जमीन खारवट किंवा चोपण आहे. चोपण जमीन पावसांत नुसता चिखल आणि वाळली कीं दगड. पाणी आंत मुरत नाहीं. मातीच्या बारीक कणांस चिकटलेलें सोडियम याला कारण होय. पहिल्या स्तंभांतलें असल्यानें त्याजवर एकच विद्युद्भार असतो, व भोंवतीं पाण्याचें मोठें वेष्टण. त्यास कण एकत्र धरवत नाहींत, आणि सुटे कण मातीचीं छिद्रें बुजवितात. पोटॅशियमच्या उजव्या शेजारीं, दुसऱ्या स्तंभांत, कॅल्शियम आहे. त्याचा भार दुप्पट, म्हणून तें कणांच्या गुठळ्या बांधून ठेवतें. अशा जमिनींत जिप्सम घालतात तें यासाठींच: त्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतें, व सुटलेलें सोडियम पाण्याबरोबर चरांतून निघून जातें. चर खणिले नाहींत तर मात्र जिप्समचा पैसा बहुतेक वायां जातो, आणि तें किती घालावें हें माती तपासल्यावांचून ठरत नाहीं.

भावंडें म्हणून एकाचें काम दुसरें करील, असेंहि समजूं नये. केळीस पोटॅश फार लागतें. मीठ घालून तिचें भागत नाहीं, उलट पानें कडांनीं करपतात.