बांधकाम यंत्रसामग्री भाड्याने घेताना पुरवठादाराची निवड : नाशिकमधील द्वारका परिसराच्या संदर्भात

गोषवारा : महाविद्यालयांना इमारत, क्रीडांगण किंवा जलसंधारणाच्या कामासाठी यंत्रे भाड्याने घ्यावी लागतात. ही निवड बहुधा तीन दरपत्रके मागवून, त्यांतील किमान दर पाहून होते. यंत्राची क्षमता, तपासणीची कागदपत्रे, दराची अंतर्गत रचना व नियंत्रणाची जबाबदारी या चार कसोट्या दराइतक्याच महत्त्वाच्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : यंत्रसामग्री, भाडेकरार, तौलनिक तक्ता, सुरक्षितता, नियंत्रण.

१. प्रस्तावना

नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग व नाशिक-पुणे रस्ता एकत्र येतात. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, सिन्नर आणि विस्तारणारी उपनगरे यांच्याशी हा चौक रस्त्याने जोडलेला आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने शहर व परिसरात रस्ते, पूल आणि घाटांची कामे हाती घेण्यात आली. अशा काळात यंत्रांची मागणी वाढते व लहान काम असलेल्या संस्थेला मिळेल ते यंत्र स्वीकारण्याचा मोह होतो. महाविद्यालयाच्या बांधकाम वा खरेदी समितीवर काम करणाऱ्या प्राध्यापकांना या व्यवहाराचे तांत्रिक शिक्षण नसते. तौलनिक तक्त्यावर स्वाक्षरी मात्र त्यांचीच असते. म्हणून या विषयाची मूलभूत मांडणी येथे केली आहे.

२. नाव आणि क्षमता यांतील अंतर

या व्यवसायाची बोली व्यापारी नावांवर उभी आहे. पुढे लोडर व मागे खोदणारा हात असलेल्या कोणत्याही यंत्रास ‘जेसीबी’, साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या उत्खनकास ‘पोकलेन’ आणि भार उचलून चालणाऱ्या क्रेनला ‘हायड्रा’ म्हटले जाते. बोलण्यात ही नावे सोयीची आहेत. करारात ती अपुरी ठरतात. ‘एक पोकलेन’ असे लिहिल्याने यंत्राचे वजन, बादलीचे आकारमान किंवा निर्मितीचे वर्ष यांपैकी काहीही निश्चित होत नाही.

क्षमतेची निवड जमिनीवरून ठरते. नाशिक परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. अनेक ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली कातळ असा क्रम आढळतो. माती व मऊ मुरमास टायरचे यंत्र पुरते. कातळ लागल्यास ब्रेकर जोडलेला उत्खनक लागतो. पावसाळ्यात काळी माती फुगून चिकट होते आणि टायरचे यंत्र रुतते. तेथे साखळीपट्ट्यांचे यंत्र उपयोगी पडते. यासाठी पुरवठादारास बोलावण्यापूर्वी एक-दोन चाचणी खड्डे घेणे श्रेयस्कर. जो पुरवठादार जागा पाहिल्याशिवाय दर देतो, त्याच्या दराला फारसा अर्थ नसतो.

क्रेनच्या बाबतीत हे अंतर अधिक धोकादायक आहे. ‘बारा टनांची क्रेन’ ही संज्ञा भार यंत्राच्या अगदी जवळ असतानाची कमाल क्षमता सांगते. हात लांबवला की सुरक्षित भार झपाट्याने घटतो. त्यामुळे उत्पादकाचा भारतक्ता पाहिल्याशिवाय क्रेन निश्चित करू नये.

३. तपासणीची कागदपत्रे

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर तुळया बसवणारे महाकाय यंत्र कोसळले व २० जणांचा मृत्यू झाला. कामाचे प्रमाण कितीही वेगळे असले, तरी उचल यंत्र कोसळले तर त्याखालच्या माणसाला सावरायला वेळ मिळत नाही, हे सत्य महाविद्यालयाच्या आवारातही बदलत नाही.

इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ आणि त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी उचल यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून चाचणी व नियतकालिक तपासणी आवश्यक ठरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० लागू होऊन हा कायदा तिच्यात विलीन झाला. समितीने पुढील कागदपत्रे दरपत्रकासोबतच मागवावीत :

(अ) रस्त्यावर चालणाऱ्या यंत्राची परिवहन कार्यालयातील नोंदणी व विमा;
(आ) उचल यंत्र, साखळ्या व आकडे यांचे चालू तपासणी प्रमाणपत्र;
(इ) चालकाचा परवाना व अनुभव, तसेच चालक व मदतनीस यांचे विमासंरक्षण;
(ई) देखभालीची नोंदवही.

यांपैकी शेवटचा कागद सर्वाधिक बोलका असतो. तेल, गाळण्या व हायड्रॉलिक नळ्या वेळेवर बदलणारा मालक नोंदवही दाखवण्यास कचरत नाही.

४. दराची अंतर्गत रचना

दोन दरपत्रके वरवर सारखी दिसली, तरी त्यांतील अटी भिन्न असतात. केवळ उदाहरणार्थ, ‘अ’ पुरवठादाराने डिझेलसह ताशी ११०० रुपये आणि ‘ब’ पुरवठादाराने डिझेलविना ७५० रुपये दर दिला असे समजू. यंत्र ताशी ५ लिटर डिझेल घेते व डिझेल ९० रुपये लिटर आहे असे धरल्यास ‘ब’चा खरा दर १२०० रुपये होतो. तक्त्यात किमान ठरलेला दर प्रत्यक्षात अधिक असतो.

याखेरीज यंत्र आणण्या-नेण्याचा खर्च, रोजचे किमान तास, बंद काळाचे भाडे आणि वस्तू व सेवा कर यांचा स्पष्ट उल्लेख हवा. साखळीपट्ट्यांचे यंत्र ट्रेलरवरून आणावे लागते. त्यामुळे शहरात जड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळाही विचारात घ्याव्या लागतात. यंत्रावरील तासमापक इंजिन चालू असताना पुढे सरकतो. काम झाले की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून रोजच्या नोंदपत्रकात तासांसोबत खोदाईचे मोजमाप लिहून दोन्ही पक्षांनी स्वाक्षरी करावी. यंत्र बिघडल्यास किती तासांत दुरुस्ती वा पर्यायी यंत्र मिळेल, हेही करारात असावे. जवळच्या पुरवठादाराचा खरा लाभ येथे दिसतो.

५. नियंत्रण कोणाचे?

भाडेकराराचा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हा आहे. के. पी. मोझिका विरुद्ध तेल व नैसर्गिक वायू महामंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्रेन, ट्रेलर आदी पुरवण्याच्या करारांचा विचार केला. यंत्रांवरील ताबा व नियंत्रण पुरवठादाराकडेच राहिल्याने हे ‘वापराच्या हक्काचे हस्तांतरण’ नाही, असे न्यायालयाने ठरवले. प्रश्न कराचा होता; परंतु नियंत्रणाचा हाच निकष अपघाताच्या दायित्वातही निर्णायक ठरू शकतो. राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या १९९७ च्या प्रकरणात चालक बसमालकाचा असूनही, बस महामंडळाच्या नियंत्रणाखाली धावत असल्याने महामंडळास जबाबदार धरण्यात आले.

यावरून बोध स्पष्ट आहे. चालकाला सूचना कोण देणार, कामाच्या परिघात विद्यार्थी व कर्मचारी येऊ नयेत याची व्यवस्था कोण करणार, भूमिगत वीजवाहिन्या व जलवाहिन्यांची माहिती कोण देणार आणि हानी झाल्यास भरपाई कोण करणार, हे लेखी ठरलेले हवे. ‘यंत्र त्यांचे, चालक त्यांचा’ एवढ्याने संस्था जबाबदारीतून मुक्त होत नाही.

६. निष्कर्ष

तौलनिक तक्त्यात आज एकच स्तंभ निर्णायक असतो : दर. त्यात क्षमता, कागदपत्रे, सर्वसमावेशक खर्च व दायित्व हे स्तंभ जोडावेत. प्रथम कागदपत्रांची पात्रता तपासावी आणि पात्र ठरलेल्यांच्याच दरांची तुलना करावी. अपात्र पुरवठादाराचा किमान दर विचारातच घेऊ नये आणि त्याचे कारण इतिवृत्तात नोंदवावे. लेखापरीक्षणात अधिक दराचे समर्थन करण्यास अशी नोंद उपयोगी पडते. अपघातानंतर किमान दराचे समर्थन मात्र कोणत्याही नोंदीने होत नाही.