घरातला मोत्या, गोधडीचा दोरा आणि गावाला जाणं

आज आपण अशा एकाबद्दल बोलणार आहोत, जो रेशनकार्डात नसतो, पण घरात सगळ्यांच्या आधी जेवायला हजर असतो. कोणाच्या घरी तो मोत्या असतो, कोणाच्या घरी शेरू, तर कोणाच्या घरी काळू. चप्पल पळवतो, वाळत घातलेलं लुगडं ओढतो, गोधडी शिवायला बसलं की मधोमध येऊन लोळतो. आपण म्हणतो, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." पण शेपटाची गोष्ट वेगळी आणि सवयीची वेगळी. कुत्र्याच्या खोडीला कारण असतं, आणि कारण समजलं तर खोडी कमी करता येते. खरा धोका खोडीत नाहीच. लस न टोचलेलं, मोकाट सोडलेलं कुत्रं हा खरा धोका आहे.

आधी खोडीचं बघू. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यात ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. लेकराला दात येताना ते जसं हाताला लागेल ते तोंडात घालतं, तसंच पिल्लू करतं. मग चप्पलच का? कारण चप्पलेला आपल्या घामाचा वास असतो. कुत्र्याचं नाक आपल्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तेज. त्याच्या लेखी चप्पल म्हणजे घरच्या माणसाचाच एक तुकडा. तिसरं कारण म्हणजे रिकामपण. दिवसभर साखळीला बांधलेलं जनावर करणार काय? उकरणार, भुंकणार, फाडणार.

म्हणून मारून उपयोग नाही. दुपारी घरी आल्यावर सकाळच्या फाटलेल्या चपलेसाठी काठी उगारली, तर ती कशासाठी हे त्याला कळत नाही. तो एवढंच शिकतो की बाई घरी आली की मार बसतो. खोडी करताना धरलं तर ठाम आवाजात "नाही" म्हणावं, वस्तू काढून घ्यावी आणि बदल्यात चावायला दुसरं द्यावं. चांगलं वागला की लगेच शाबासकी द्यावी. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. सासूबाई "हट" म्हणतात, मुलगा "नको" म्हणतो आणि आजोबा हळूच पोळी टाकतात, असं झालं तर तो आजोबांचंच ऐकणार.

आता आपल्या हातकामाकडे येऊ. पवनीला विणकामाची जुनी परंपरा आहे. बारीक सुताचं, रेशीमकाठी कापड इथं विणलं जाई. आजही दुपारच्या वेळी कोणी गोधडी शिवते, कोणी क्रोशाचं तोरण करते, कोणी जुन्या साडीचं पायपुसणं. या कामात कुत्रं असलेल्या घरी एक गोष्ट फार जपायची, ती म्हणजे सुई आणि लांब दोरा. गिळलेला दोरा एका टोकाला अडकला की आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि कापलंही जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये. थेट ढोरांच्या दवाखान्यात न्यावं. शिवण झाल्यावर सुया मोजून झाकणाच्या डब्यात ठेवल्या की अर्धी काळजी मिटते.

त्याच कापडातून त्याच्यासाठी दोन वस्तू करता येतात. पहिली म्हणजे वेणीचा दोर. जुन्या सुती साडीच्या चार बोटं रुंद तीन पट्ट्या घ्या, घट्ट वेणी घाला, दोन्ही टोकांना मोठी गाठ मारा. दोर त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा जाड हवा. धागे सुटू लागले की तो फेकून द्यायचा. दुसरी म्हणजे शोधाची गुंडाळी. जुना टॉवेल पसरा, त्यावर भाकरीचे बारीक तुकडे टाका आणि टॉवेल सैल गुंडाळा. नाकाने हुंगत, पंजाने उलगडत तो एकेक तुकडा शोधत बसतो. हा खेळ आपण समोर असतानाच द्यावा, म्हणजे तो टॉवेल फाडून गिळणार नाही. वास घेण्यात कुत्रं थकतं आणि शांत होतं. एक मात्र लक्षात ठेवा. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखं आहे. शिजवलेलं कोंबडीचं हाडही देऊ नये. ते टोकदार फुटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रेबीज. हा रोग एकदा दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर उपचार घेतले तर तो होतच नाही. 6 जुलै 1885 रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्या लसीने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाचा जीव वाचवला. तेव्हापासून हा उपाय माणसाच्या हातात आहे. पोटात चौदा सुया घेण्याची भीती अजून घराघरात आहे. ती जुनी लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात लस देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 या दिवशी मात्रा असतात. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते.

कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा जखमेला त्याची लाळ लागली, तर आधी नळाखाली धरून साबणाने 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. तिखट, चुना, हळद, तेल काहीच लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. मग लगेच ग्रामीण रुग्णालयात जा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेतच एक वेगळं औषध टोचावं लागतं. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. पण त्या दहा दिवसांसाठी आपली लस थांबवायची नाही. घरचंच कुत्रं आहे, पिल्लूच आहे, असं म्हणूनही थांबायचं नाही. लेकरं ओरडा बसेल म्हणून चावल्याचं लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की सांगितलं तर कोणी रागावणार नाही.

कुत्र्यालाही तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी एक. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आपल्या पवनीला आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आपल्या उशाशी आहे. उन्हाळ्यात मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला जाताना मोत्या मागे लागतो. आपल्याला वाटतं सोबत झाली. पण वाघ-बिबट्याचा वास आला की तो भुंकत पुढे धावतो, घाबरला की मागे फिरतो आणि थेट आपल्या पायाशी येतो. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. शिवाय कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा रोग जंगली जनावरांनाही होतो. 1994 साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्याने सुमारे एक हजार सिंह मेले. 2018 मध्ये गीरच्या सिंहांतही तो आढळला. या रोगाचीही लस असते, ती पिल्लू दीड-दोन महिन्यांचं असतानाच सुरू होते. म्हणून जंगलात जाताना मोत्या घरी, आणि रात्री तो अंगणात नव्हे, बंद पडवीत.

शेवटी प्रवास. "कुत्रं कोण बघेल?" म्हणून आपल्यातल्या कितीजणी माहेरी राहत नाहीत, अंभोऱ्याला किंवा रुयाडच्या महास्तूपाला गटासोबत जात नाहीत! यावर उपाय गटातच आहे. दोन शेजारणींनी आळीपाळीने सांभाळायचं ठरवावं. जाण्याआधी आठवडाभर त्या शेजारणीच्या हातून रोज एक वेळ खाऊ घालावं. आपली वापरलेली ओढणी त्याच्या जागेवर ठेवावी. जेवणाची वेळ, लसीचं कार्ड आणि ढोरांच्या डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून द्यावा. चार दिवसांचा भात एकदम टाकून, साखळीला बांधून जाणं म्हणजे सोय नव्हे.

सोबत न्यायचंच असेल, तर गाडीत बसवण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नये, पाणी मात्र द्यावं. वाटेत पट्टा धरूनच उतरवावं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा ठेवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि कोंडलेल्या गरम हवेत तेही जमत नाही.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा. कोणाच्या घरी कुत्रं आहे, लस कधी झाली, आणि आपण गावाला गेलो तर कोण बघणार. रिकामा रकाना दिसला की त्याच आठवड्यात पाच-सात जणींनी मिळून कुत्री दवाखान्यात न्यावीत. 28 सप्टेंबरला जगभर रेबीज दिन पाळतात. त्या दिवसापर्यंत आपल्या गल्लीचं पान भरलेलं असू द्या.