साठ्यातील तूट : नोकराची की संगणकाची?

दुकानातील माल आणि हिशोबातील माल यांचा मेळ बसला नाही की पहिला संशय मुनिमावर जातो, नाहीतर काउंटरवर बसणाऱ्या पोरावर. वही हाताने लिहिली जात होती तेव्हा हा संशय काही अंशी समजण्यासारखा होता, कारण प्रत्येक आकडा माणसाच्या हातून उतरत असे. आता नाशिकच्या मेन रोड, दूध बाजार, भद्रकाली भागातील कितीतरी दुकानांचे आणि मालेगावच्या सूत-कापड व्यापाऱ्यांचे हिशोब संगणकावर आहेत. तेथे बेरीज-वजाबाकी माणूस करीत नाही; आधीच लिहून ठेवलेले नियम करतात. हे नियम कसे चुकतात आणि त्यांची दुरुस्ती कशी करून घ्यावी, याची माहिती प्रत्येक व्यापाऱ्याला असली पाहिजे. म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

दोन प्रकारचे नियम

बिले, साठा, उधारी यांचे तक्ते सांभाळणाऱ्या आणि एकाच वेळी अनेक काउंटरना माहिती पुरवणाऱ्या व्यवस्थेस डाटाबेस सर्व्हर म्हणतात. त्यात दोन प्रकारचे नियम साठवता येतात. पहिला प्रकार स्टोअर्ड प्रोसिजर. ही नाव देऊन ठेवलेली कृती असते, उदाहरणार्थ 'बिलावरील कर काढणे'. तिला हाक मारली तरच ती काम करते. दुसरा प्रकार ट्रिगर. याला हाक मारावी लागत नाही. विक्रीच्या तक्त्यात नोंद पडली की तो आपोआप चालतो आणि साठ्यातून माल वजा करतो.

याचा फायदा मोठा आहे. काउंटर चार असले तरी नियम एकच राहतो. परंतु ट्रिगर पडद्यावर दिसत नाही. तो चुकला तर चूकही गुपचूप होते आणि महिनाअखेर माल मोजल्यावरच कळते.

वीस नग कोठे गेले?

समजा, तयार कपड्यांच्या एका दुकानात ४० कुर्ते, ३० पायजमे आणि ५० ओढण्या आहेत. एका घाऊक गिऱ्हाईकाने ५ कुर्ते, १२ पायजमे आणि ८ ओढण्या नेल्या. बिल बरोबर झाले, पैसेही आले. संगणक मात्र कुर्ते ३५ दाखवतो, पायजमे ३० आणि ओढण्या ५० तशाच. फळीवर पायजमे १८ आणि ओढण्या ४२ आहेत. म्हणजे २० नगांची 'चोरी' झाली!

प्रत्यक्षात चोरी झालेलीच नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर प्रत्येक ओळीसाठी वेगळा चालत नाही. एका आज्ञेने कितीही ओळी आल्या तरी एकदाच चालतो. लिहिणाऱ्याने 'आलेली वस्तू घ्या आणि वजा करा' असे एकाच वस्तूपुरते लिहिले असेल, तर तीनपैकी एकच ओळ हाती लागते आणि बाकीच्या सुटतात. एकेक वस्तू नोंदवली जात होती तोवर हा ट्रिगर बिनचूक चालला. पूर्ण बिल एकदम चढवण्याची सोय झाली त्या दिवसापासून तूट सुरू झाली. मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर प्रत्येक ओळीला चालतो, म्हणून तेथे ही चूक होत नाही. यास्तव आपली व्यवस्था कोणती, हे आधी विचारून घ्यावे.

दुरुस्ती अशी की, आलेल्या सर्व ओळींची वस्तूवार बेरीज करून मग साठ्यातून वजाबाकी करावी. बेरीज आधी करणे आवश्यक आहे. नाहीतर एकच वस्तू बिलात दोनदा आली असता ती एकदाच वजा होण्याचा संभव असतो.

नियमात गाडलेला आकडा

दुसरी नेहमीची चूक प्रोसिजरमध्ये आढळते. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी तयार कपड्यांवर नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के जीएसटी होता. त्या तारखेपासून २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. ज्यांच्या प्रोसिजरमध्ये '१०००' आणि '१२' हे आकडे थेट लिहिलेले होते, त्यांचा १२०० रुपयांचा कुर्ता जुन्याच १२ टक्क्यांवर राहणार, म्हणजे ६० ऐवजी १४४ रुपये कर. ३००० रुपयांच्या शेरवानीवर मात्र ५४० ऐवजी ३६० रुपयेच लागणार. पहिल्यात गिऱ्हाईक नाडला जातो, दुसऱ्यात उरलेला कर व्यापाऱ्याच्या गळ्यात पडतो.

अशा वेळी जुना आकडा पुसून नवा लिहिणे ही अर्धीच दुरुस्ती होय. जुन्या बिलाचा माल परत आला तर त्याचा हिशोब जुन्याच दराने करावा लागतो. म्हणून दर, मर्यादा आणि 'कोणत्या तारखेपासून' हे तिन्ही वेगळ्या तक्त्यात ठेवावेत आणि प्रोसिजरने बिलाची तारीख पाहून दर उचलावा. पुढे दर बदलला तर तक्त्यात एक ओळ वाढवली की काम भागते.

दुरुस्ती कशी करून घ्यावी

चालू हिशोबावर कधीही प्रयोग करू देऊ नये. संपूर्ण माहितीची नक्कल दुसऱ्या संगणकावर घ्यावी. चूक दाखवणारे लहानात लहान बिल शोधावे, त्याचे उत्तर आधी कागदावर काढावे आणि मग संगणकाचे उत्तर ताडून पाहावे. विक्रीच्या तक्त्यावर कोणकोणते ट्रिगर बसवले आहेत, याची यादी मागावी. एक ट्रिगर दुसऱ्याला चालवतो असेही पुष्कळदा असते. दुरुस्तीनंतर एका ओळीचे बिल, अनेक ओळींचे बिल, एकच वस्तू दोनदा असलेले बिल, परत आलेला माल आणि रद्द केलेले बिल, असे पाचही प्रकार तपासावेत. नियमाचा जुना मजकूर तारखेसह जपून ठेवावा. बिघडलेले जुने आकडे गुपचूप बदलू नयेत; माल मोजून, कारण लिहून, फरकाची स्वतंत्र नोंद घालावी.

यात पैशापेक्षा माणसाची अब्रू मोठी आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यात होरायझन नावाची संगणक व्यवस्था होती. तिने दाखवलेल्या खोट्या तुटीवरून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक टपाल कार्यालय चालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या महिलेला २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावे लागले. २०२१ मध्ये त्या निर्दोष ठरल्या. व्यवस्थेत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले, तोवर कित्येकांचे संसार उद्ध्वस्त झाले होते.

आपल्या दुकानात इतके मोठे काही घडणार नाही, असे वाटेल. परंतु वीस वर्षे इमानाने काम केलेल्या मुनिमाला एका ट्रिगरपायी काढून टाकणे हा त्याच्यापुरता तितकाच मोठा अन्याय आहे. म्हणून आमची सूचना एवढीच की, तूट दिसल्याबरोबर माणसाला जाब विचारण्याआधी कागद-पेन्सिल घ्या, तीन वस्तूंचे एक बिल बनवा आणि तिन्हींचा साठा कमी होतो की नाही ते पाहा. या तपासणीला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.