खय्याम : एकदा फारसीतून, एकदा इंग्रजीतून

फारसी कवी उमर खय्यामच्या नावावर जगभर जे खपले त्यात खय्याम किती आणि त्याचा इंग्रजी अनुवादक एडवर्ड फिट्झजेरल्ड किती, हा वाद जुना आहे. त्यातला एक उत्तम पुरावा मराठीत आहे, आणि आपणच तो कपाटात टाकून दिला आहे. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनी 1929 साली ‘उमरखय्यामकृत रुबाया’, म्हणजे चार चरणांच्या कविता, थेट फारसीवरून मराठीत आणल्या. दोनच वर्षांनी ‘द्राक्षकन्या’ आली, ती फिट्झजेरल्डच्या इंग्रजीवरून. त्यांच्या निधनानंतर 1940 साली निघालेली ‘मधुलहरी’ही इंग्रजीवरूनच.

फिट्झजेरल्ड मुळात फारसीचा पंडित नव्हे. एडवर्ड कॉवेल या तरुण मित्राच्या नादाने, चाळिशी ओलांडल्यावर, विल्यम जोन्सचे व्याकरण घेऊन तो ही भाषा शिकला. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात कॉवेलला 158 रुबायांचे हस्तलिखित मिळाले. 1856 मध्ये कॉवेल कलकत्त्याला नोकरीवर आला आणि तिथल्या एशियाटिक सोसायटीतल्या दुसऱ्या हस्तलिखिताची नक्कल त्याने मित्राला धाडली. इंग्रजी खय्यामचा बराचसा कच्चा माल असा हिंदुस्थानातून गेला. 1859 साली 75 रुबायांची पुस्तिका निघाली, तीही निनावी. प्रती 250, गिऱ्हाईक नाही. शेवटी दुकानदाराने त्या पेनीला एक या भावाने काढायला ठेवल्या, तिथे त्या कवी रोझेटीच्या हाती लागल्या आणि नशीब फिरले. गंमत म्हणजे 1862 साली तिची चोरटी आवृत्ती निघाली ती चक्क मद्रासला.

फिट्झजेरल्डने नेमके काय केले? फारसी हस्तलिखितांत रुबाया सुट्या असतात, यमकाच्या शेवटच्या अक्षराच्या क्रमाने लावलेल्या. एकीचा दुसरीशी अर्थाने संबंध असेलच असे नाही. त्याने त्या निवडून पहाटेपासून चंद्रोदयापर्यंतच्या एका दिवसात ओवल्या. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या चरणाचे यमक ठेवले, मजकुरात मात्र हवी तशी मोकळीक घेतली. एडवर्ड हेरन-ॲलनने 1899 मध्ये शेवटच्या आवृत्तीतल्या 101 रुबायांचा हिशेब मांडला : त्यांतल्या 49 एकेका मूळ रुबाईवरून, 44 अनेक रुबायांची मिसळ, दोन तर अत्तार या दुसऱ्याच फारसी कवीच्या काव्यावरून. फारसी कवींशी मनमानी करण्यात आपल्याला मौज वाटते, अशा आशयाचे फिट्झजेरल्डने मित्राला लिहिलेही होते. साम्राज्याचा तोरा याहून स्पष्ट काय दिसणार! पण कविता फक्कड झाली, हेही नाकारता येत नाही.

पटवर्धनांची तयारी याच्या उलट. इंग्रजी घेऊन एम.ए. मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून, 1918 साली. नोकरी फारसीच्या प्राध्यापकाची, आधी पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, नंतर कोल्हापूरच्या राजाराममध्ये. 1925 मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. ‘छंदोरचना’ या वृत्तांवरच्या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने 1938 साली त्यांना डी.लिट. दिली. दोन्ही भाषा आणि दोन्हींची वृत्ते हाताखालची, म्हणून फारसीचा हिशेब फारसीशी आणि इंग्रजीचा इंग्रजीशी त्यांना चुकता करता आला. याच माणसाने पुढे भाषाशुद्धीची कास धरून स्वतःच्या जुन्या कवितांतून फारसी शब्द वेचून काढले. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत न पटणारा अध्याय वाटतो.

‘द्राक्षकन्या’ एका बैठकीत वाचवते, कारण फिट्झजेरल्डने तिला कथानक दिले आहे. ‘रुबाया’ थांबत थांबत वाचाव्या लागतात. तिथला खय्याम जास्त खडबडीत, जास्त विसंगत आणि म्हणून माणूस वाटतो. पहिल्या वाचनाला ‘द्राक्षकन्या’ घ्यावी, मुक्कामाला ‘रुबाया’.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या वाचनालयांना एक विनंती : या पुस्तकांची जुनी प्रत सापडली, तर ती जीर्ण म्हणून रद्दीत घालू नका. आणि प्रकाशकांनो, पटवर्धन 1939 साली गेले; तिन्ही पुस्तकांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. फारसीवरून आणि इंग्रजीवरून केलेले अनुवाद समोरासमोरच्या पानांवर छापायला आता कुणाच्या परवानगीची गरज नाही.