शनिवारी कुणीतरी आपली वाट पाहते आहे

दसरा-दिवाळी उरकली की आमच्या बीड जिल्ह्यातून कोयते निघतात. मुकादमाची टोळी ठरते, ट्रॅक्टर आणि ट्रकवर भांडीकुंडी चढतात आणि ऊसतोडीसाठी घरचे कर्ते स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांकडे रवाना होतात. उन्हाळा लागेपर्यंत गावात राहतात ते प्रामुख्याने दोन वयांचे लोक: साठी ओलांडलेले आणि शाळेत जाणारे. काही मुले आजी-आजोबांपाशी असतात, तर काही हंगामी वसतिगृहात.

धर्मापुरी परिसरात वैद्यकीय व्यवसाय करताना या दिवसांत माझ्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूपही बदलते. गुडघेदुखी, निद्रानाश, 'करमत नाही' अशा तक्रारी घेऊन ज्येष्ठ मंडळी येतात. बाकावर त्यांच्या शेजारी ताप किंवा खोकला घेऊन आलेला नातू असतो. हे दोघे एकमेकांचे औषध होऊ शकतात, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. ते कसे, हे सांगण्यापूर्वी मला माझ्याच एका चुकीची कबुली द्यावी लागेल.

फाईलमधील दोन शब्द

आमच्या भागातील एक निवृत्त माध्यमिक शिक्षक. त्यांना सारे गुरुजीच म्हणतात, मीही म्हणतो. सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्यावर अँजिओप्लास्टी झाली. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. गावी परतल्यावर पुढील देखरेख माझ्याकडे आली. सहा-सात महिन्यांनी काकू त्यांना घेऊन आल्या. रक्तदाब आटोक्यात, साखर ठीक, हृदयाचा आलेखही समाधानकारक. मात्र गुरुजींचे वजन उतरले होते, चाल मंदावली होती आणि प्रश्न विचारला तर उत्तर काकूच देत होत्या.

"डॉक्टर, तुम्ही म्हणता रिपोर्ट चांगले आहेत. मग माणूस असा का झाला?" काकूंनी विचारले.

मी त्यांची फाईल चाळली. पहिल्या भेटीत माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'पूर्ण विश्रांती'. कधीपर्यंत, हे लिहिले नव्हते. पुढच्या भेटींत मी गोळ्या बदलल्या, पण ते दोन शब्द खोडले नाहीत. गुरुजी शिस्तीचे माणूस. त्यांनी डॉक्टरांचा शब्द पाळला आणि ते खाटेवर बसून राहिले. वास्तविक अशा उपचारानंतर काही दिवसांतच रुग्णाला हळूहळू चालते करायचे असते. माझ्या निष्काळजीपणाने एका बऱ्या झालेल्या माणसाला आजारी ठेवले होते.

त्याच सुमारास एका शाळेतील स्काऊट-गाईड पथकाला प्रथमोपचार शिकविण्याचे निमंत्रण मला आले होते. गुरुजी शाळकरी वयात स्काऊट होते, हे ठाऊक असल्याने मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, मला झोळी बांधता येते, पण मुलांना शिकवता येत नाही. तुम्ही सोबत चला. खुर्चीवर बसून राहा, हवे तर."

ते खुर्चीवर दहा मिनिटे बसले असतील. एका मुलाची रीफ गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. गुरुजी उठले, त्याच्यापाशी जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "उजवे डाव्यावर, मग डावे उजव्यावर. बघ." गाठ बसली. मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. निघताना त्याने विचारले, "गुरुजी, पुढच्या शनिवारी येणार ना?"

गेल्या कित्येक महिन्यांत गुरुजींना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

चळवळ उभी राहिली ती पन्नाशीतल्या हातांनी

वाचकहो, स्काऊटिंग म्हणजे केवळ मुलांचा खेळ, अशी आपली समजूत असते. परंतु या चळवळीच्या मुळाशी प्रौढ स्वयंसेवक आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर घेतले, तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. त्या मुलांत श्रीमंत घरांतील होते, तसेच कष्टकऱ्यांच्या घरांतीलही होते. आपल्याकडे 1909 मध्ये बंगळुरूत पहिले पथक निघाले, पण सुरुवातीस भारतीय मुलांना त्यात स्थान नव्हते. म्हणून 1916 मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी आणि 1918 मध्ये अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना उभारल्या. मालवीयजींनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती आणि बेझंटबाई तर सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. स्वातंत्र्यानंतर निरनिराळे प्रवाह एकत्र आले आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था अस्तित्वात आली. पुढील वर्षी गाईड्सचे विलीनीकरण झाले.

आज आपल्या शाळांत लहानग्यांसाठी कब-बुलबुल, त्यापुढे स्काऊट-गाईड आणि तरुणांसाठी रोव्हर-रेंजर असे विभाग आहेत. पथकाची धुरा बहुधा प्रशिक्षित शिक्षक-शिक्षिका वाहतात. त्यांच्यापाशी उत्साह असतो, वेळ मात्र अपुरा असतो. वेळ आणि अनुभव ही ज्येष्ठांची शिल्लक आहे.

न बोलण्याची कला

प्रौढ नेत्याचे काम भाषण देण्याचे नाही. स्काऊटिंगमध्ये सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्यांच्यातलाच एक संघनायक. तंबू कुठे उभारायचा, पाणी कोणी आणायचे, भात कच्चा राहिला तर काय करायचे, हे मुलांनी ठरवायचे असते. मोठ्यांनी धोका तेवढा टाळायचा आणि बाकी पाहत राहायचे.

निवृत्त माणसाला हे फार अवघड जाते. दुसऱ्याच शनिवारी गुरुजींनी सगळ्या गाठी स्वतः बांधून दाखविल्या, दोन मुलांना रागावले आणि उरलेली मुले कंटाळून उभी राहिली. पथकाची तरुण गाईड कॅप्टन हळूच म्हणाली, "गुरुजी, गाठ सुटली तरी चालेल. त्यांनाच बांधू द्या." गुरुजींना ते लागले. पुढच्या आठवड्यात येतील की नाही, याची मला शंका होती. ते आले, आणि पाठीमागे हात बांधून उभे राहिले. चाळीस वर्षे फळ्यासमोर बोललेल्या माणसाने त्या वयात गप्प राहण्याचा अभ्यास आरंभला. नवीन शिकणे मेंदूला हितकारक असते, असे आम्ही डॉक्टर सांगतो. ते नवीन म्हणजे केवळ शब्दकोडे नव्हे. जुनी सवय मोडणे हेही शिकणेच होय.

शरीरात काय घडते?

पथकाच्या एका बैठकीत आपण नकळत किती हालचाल करतो, ते पाहा. मैदानापर्यंत चालणे, वाकणे, उठणे-बसणे, वळणे, हात उंचावणे. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम सुचविते. 'व्यायाम करा' म्हटले की कंटाळा येतो. 'मुले थांबली आहेत' म्हटले की पाय आपोआप चपलेत जातात.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात साठीपुढील स्वयंसेवक आठवड्याला 15 तास प्राथमिक शाळांत मुलांना मदत करीत. त्या उपक्रमाच्या अभ्यासात असे आढळले की त्यांची हालचाल व ताकद वाढली, चालण्याचा वेग इतरांच्या तुलनेत कमी घटला आणि अडचणीत हाक मारता येईल अशी माणसेही वाढली. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

मुलांनाही लाभ होतो. ब्रिटनमध्ये 1958 साली जन्मलेल्या जवळजवळ दहा हजार व्यक्तींची माहिती एडिंबरा व ग्लासगो येथील संशोधकांनी 2016 मध्ये तपासली. लहानपणी स्काऊट किंवा गाईड असलेल्यांत पन्नाशीला चिंता व मनोविकारांचे प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी कमी होते. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही आईवडील सहा महिने दूर असलेल्या मुलाला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येणारे वडीलधारे माणूस लाभणे किती मोलाचे आहे, हे सांगण्यास आकडेवारी लागू नये.

उत्साहाला पथ्य हवे

मार्चमधल्या एका दुपारी गुरुजींना मैदानावर भोवळ आली. पडले नाहीत, मुलांनी सावरले. कारण साधे होते: रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढविणारे औषध, डोक्यावर मराठवाड्याचे ऊन आणि पोटात पाणी नाही. त्यानंतर आम्ही बैठक सकाळी घेऊ लागलो. म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगतो.

सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, हृदय, दृष्टी व श्रवण यांची तपासणी करून घ्या. 'काय करू नये' यासोबत 'काय करावे आणि किती' हेही विचारा आणि लिहून घ्या. 'विश्रांती' असे लिहिले असेल, तर कधीपर्यंत, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अनपेक्षित धाप किंवा घाम आला, तर तत्काळ थांबा आणि 108 क्रमांकाला फोन करा.

मधुमेहाची औषधे घेत असाल तर उपाशीपोटी जाऊ नका. हात थरथरणे, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. खिशात साखर किंवा गूळ असावा आणि तो कशासाठी आहे, हे संघनायकालाही ठाऊक असावे.

टाचेला घट्ट बसणारी पादत्राणे, टोपी, पाण्याची बाटली आणि औषधांची चिठ्ठी सोबत हवी. केदारेश्वराच्या प्राचीन मंदिराकडे किंवा किल्ल्याकडे मुलांची सहल निघाली, तर ओबडधोबड दगडांवर चढण्याचा मोह आवरा. मुलांचे सामान सांभाळणे हेही काम आहे.

आणखी एक, केवळ आपल्या पिढीसाठी. आपण लहानपणी शिकलो ते सर्पदंशाचे उपचार विसरा. दंशाच्या वर करकचून दोरी बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे, हे सारे अपायकारक आहे. रुग्णाला धीर द्या, दंश झालेला अवयव हलू देऊ नका, अंगठी-कडे काढा आणि विलंब न लावता रुग्णालयात न्या. मुलांना चुकीचे शिकविण्यापेक्षा न शिकविणे बरे.

मुलांच्या सुरक्षिततेचे पथ्य तर अधिक कठोर असावे. एका मुलासोबत एकट्याने, बंद खोलीत किंवा आडबाजूला कधीही थांबू नये. प्रत्येक कार्यक्रमात किमान दोन प्रौढ हवेत, आणि मुली असतील तर महिला नेत्या हव्यातच. यात कोणाच्या चारित्र्यावर संशय नाही. मूल निर्धास्त राहावे आणि आपणही, यासाठी ही शिस्त आहे.

घरातील मंडळींसाठी

ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्यांना मी समजू शकतो. काकूंनी पहिला महिना मैदानाच्या कडेला बसून काढला. "घरी असले की निदान डोळ्यांसमोर असतात," असे त्या म्हणत. भीती खरी होती. परंतु डोळ्यांसमोर असणे आणि सुरक्षित असणे एकच नव्हे. घरात बसून स्नायू झिजतात, तोल जातो आणि न्हाणीघरातील दोन पावलेही धोक्याची ठरतात. आपल्या माणसाला अडविण्याऐवजी त्याचा डबा, पाणी आणि औषधांची वेळ पाहा. परतल्यावर 'दमलात ना?' असे विचारण्याऐवजी 'आज मुलांनी काय केले?' असे विचारून पाहा.

जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांनाही वाटा आहे. पथकातील चार मुले प्रौढ नेत्यांसह आपल्या अंगणात येऊ शकतात. ओवी, पिकांची नावे, रानभाज्यांची ओळख, गोधडीचा टाका. खाटेवर बसूनही शिकविता येईल असे आपल्यापाशी पुष्कळ आहे.

प्रारंभ कसा करावा?

जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा आणि पथक आहे का, ते विचारा. असल्यास आठवड्यातून एक बैठक, एक तास, एवढेच वचन द्या आणि ते पाळा. मोठे वचन देऊन मोडण्यापेक्षा हे बरे, कारण ही मुले जाणाऱ्या माणसांना सरावलेली आहेत. आरंभी पथकप्रमुखाचे साहाय्यक म्हणून काम करा. रुची वाढली तर संस्थेच्या जिल्हा कार्यालयात नोंदणीचे नियम, वयाच्या अटी व प्राथमिक प्रशिक्षणाची माहिती घ्या. पथकच नसेल, तर इच्छुक शिक्षकाला प्रशिक्षणास जाण्यास प्रोत्साहन द्या.

गुरुजींच्या गोळ्या आजही चालू आहेत. त्यांचा आजार गेला, असा माझा दावा नाही. परवा तपासणीला आले, तेव्हा प्रश्नांची उत्तरे त्यांनी स्वतः दिली, आणि तपासणी लवकर आटोपा, असेही सांगितले. शनिवार होता. त्यांच्या फाईलमध्ये मी आता 'पूर्ण विश्रांती' खोडून लिहिले आहे, 'शनिवारी सकाळी पथक. टोपी व पाणी सोबत. पुढील सूचनेपर्यंत चालू ठेवावे.'